एनफिल्ड नंबर २ : मार्क १, १* आणि १** ओळखायचे कसे?

नोंदवही

नमस्कार मंडळी. एका छोट्या संग्रहालयाच्या नोंदवहीत सहा रिव्हॉल्व्हर आहेत आणि सहाहींपुढे एकच ओळ आहे : 'वेब्ली .३८, ब्रिटिश लष्कर'. सहाही एकाच मॉडेलची नाहीत हे नुसतं बघूनही कळतं. सगळी बिजागरीवर मोडून उघडणारी, काडतुसांच्या सहा घरांची. अंगावर जे वाचता येतं ते असं :

क. 'एनफिल्ड, नं. २, मार्क १*, १९३४'. घोडा गुळगुळीत, अंगठ्याने मागे ओढायचा स्पर नाही. मूठ काळ्या बेकेलाइटची.
ख. 'ॲल्बियन, नं. २, मार्क १**, १९४२'. दुसऱ्या ताऱ्यावर आडवी रेघ मारलेली.
ग. 'एनफिल्ड, नं. २, मार्क १, १९३६'. तारा नाही. घोड्याला स्पर आहे, मूठ लाकडी.
घ. 'मार्क IV .३८ १४५/२००', शिवाय 'वॉर फिनिश'.
च. 'एनफिल्ड', १९२४. बाकीच्यांपेक्षा जड, नळी सहा इंची.
छ. 'मार्क IV'. नळी चार इंची, मूठ खाली पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल वळलेली.

माझा मुख्य प्रश्न क आणि ख बद्दल आहे. मार्क १* (मार्क म्हणजे आवृत्ती, तारा म्हणजे तिच्यातला बदल) १९३८ मध्ये आला असं वाचलं, मग क वर १९३४ कसं? आणि ताऱ्यावर रेघ का मारतात? नोंदीत नेमकं काय लिहावं?

सहाही रिकामी असल्याची पोलिसांच्या शस्त्रतज्ज्ञाकडून तपासणी झाली आहे. कुठल्याही शस्त्राचा चाप ओढून बघायचा नाही, हे ठरलेलं आहे.

---

बिजागरी

तुमच्या यादीत तीन वेगवेगळी घराणी आहेत. क, ख, ग ही एनफिल्ड नंबर २. घ हे वेब्ली मार्क ४, .३८. च आणि छ तर .३८ नाहीतच, ती .४५५ बोअरची आहेत (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इंचात). त्यांच्याबद्दल इथे कोणीतरी जास्त नीट सांगेल, मी एनफिल्डपुरतं लिहितो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराला .४५५ जड वाटू लागलं. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात शिपायाला त्याच्यावर हात बसवणं कठीण जात होतं. म्हणून .३८ ची २०० ग्रेन वजनाची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची संथ शिशाची गोळी निवडली गेली. त्यासाठी वेब्ली अँड स्कॉटने आपलं .३८ मार्क ४ पुढे केलं. सरकारने ते घेऊन एनफिल्डच्या सरकारी कारखान्याकडे दिलं. तिथे कॅप्टन बॉईज यांनी आतली यंत्रणा बदलली, घोड्याला सुरक्षा अडसर दिला आणि आतल्या भागांपर्यंत पोचायला बाजूला काढता येणारी झाकणपट्टी केली. (रणगाडाविरोधी बॉईज रायफल ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे.) झालेलं शस्त्र बाहेरून वेब्लीच्या जुळ्या भावासारखं दिसत होतं. वेब्लीने २,२५० पौंडांचा दावा लावला आणि शेवटी शोधकर्त्यांना मोबदला देणाऱ्या शाही आयोगाकडून त्यांना १,२५० पौंड मिळाले. तुमच्या नोंदवहीत सगळ्यांना 'वेब्ली' म्हटलं गेलं त्याचं मूळ या साम्यात आहे. पण दोघांचे आतले भाग एकमेकांत बसत नाहीत, म्हणून नोंदीत ती वेगळी हवीतच.

आता तारे.

मार्क १ (तारा नाही) : १९३२ मध्ये स्वीकारलं. घोड्याला स्पर. अंगठ्याने घोडा चढवून हलक्या चापाने झाडता येतं, नाहीतर चाप पूर्ण ओढून एका दमात. त्या पूर्ण ओढीला १३ ते १५ पौंड जोर लागतो, म्हणजे सुमारे ६ ते ६.८ किलो. मूठ लाकडी.

मार्क १* (एक तारा) : जून १९३८. रणगाड्याच्या आत जागा अरुंद, चढता-उतरताना स्पर कशात ना कशात अडकायचा. म्हणून स्पर काढला. घोडा अंगठ्याने चढवायची सोयच राहिली नाही, तेव्हा मुख्य कमान (स्प्रिंग) हलकी केली आणि ओढ ११ ते १३ पौंडांवर आणली. मुठीच्या पट्ट्यांना अंगठा टेकायला खोलगट जागा दिली. जवळच्या अंतरावर घाईने झाडायचं तर चाप पूर्ण ओढूनच, ही त्या काळच्या लष्करी प्रशिक्षणाची दिशाही याला पूरकच होती.

मार्क १** (दोन तारे) : जुलै १९४२. युद्धकाळात उत्पादन वाढवायला घोड्याचा सुरक्षा अडसर गाळून टाकला. बाकी सगळं मार्क १* सारखंच.

तुमच्या क चं उत्तर असं : १९३४ मध्ये ते स्पर असलेलं मार्क १ म्हणून कारखान्यातून बाहेर पडलं. नंतर दुरुस्तीला आलं तेव्हा घोडा, कमान, मुठीच्या पट्ट्या बदलल्या आणि जुन्या छापाशेजारी तारा ठोकला. साल तेच राहिलं. मार्क १ पैकी बहुतेकांचं हेच झालं. म्हणून १९३८ च्या आधीचं साल आणि तारा एकत्र दिसले की बदललेलं मार्क १ समजावं. भिंगाखाली बघा : मूळ अक्षरं एका ओळीत, एका खोलीची असतात. मागाहून ठोकलेला तारा बऱ्याचदा किंचित तिरका किंवा जास्त खोल बसलेला दिसतो.

आणि म्हणूनच तुमचं ग जपा. स्पर, लाकडी पट्ट्या, ताराविरहित छाप हे सगळं मूळचं असेल तर सहांमध्ये सर्वांत कमी आढळणारं शस्त्र ते आहे.

---

तेलपाणी

बिजागरींचं सगळं बरोबर, पण ग बद्दल थोडं सावध राहावं असं वाटतं. स्पर असलेला घोडा दिसला म्हणजे मूळ मार्क १, असं लगेच मानू नका. लष्करातून विकली गेल्यावर खासगी मालकांनी उलट दिशेनेही बदल केलेले आहेत. मार्क १* वर पुन्हा स्परवाला घोडा बसवायचा, कारण नेमबाजीला तो सोयीचा. तपासायचं ते असं :

तारा खरंच नाही, की घासून काढलाय? घासलेल्या जागी पृष्ठभाग बशीसारखा जरा खोलगट होतो आणि काळ्या-निळ्या मुलाम्याची छटा शेजारपेक्षा वेगळी दिसते. प्रकाश आडवा पाडून बघितलं की लगेच कळतं. घोड्याचा मुलामा आणि सांगाड्याचा मुलामा एकाच वयाचे दिसतात का? ॲल्बियनचा छाप किंवा १९४० नंतरचं साल आणि त्यावर स्परवाला घोडा, अशी जोडी दिसली तर घोडा नंतरचाच. १९३६ चं साल मात्र मार्क १ शी जुळतं, त्यामुळे तुमचं ग मूळचं असण्याची शक्यता चांगली आहे.

मुठीच्या पट्ट्यांवरून काहीच ठरवू नका. एका स्क्रूवर निघणारा, सगळ्यात सहज बदलला जाणारा भाग तो.

आता ख च्या रेघेबद्दल. अडसर गाळल्याचा परिणाम सरळ होता. घोडा पुढे टेकलेला असताना शस्त्र घोड्यावर पडलं, तर तो दणका थेट काडतुसाच्या बुडाला पोचू शकतो आणि बार उडू शकतो. अडसर असला की चाप ओढल्याशिवाय घोडा तेवढा पुढे जातच नाही. युद्ध संपल्यावर दोन ताऱ्यांची बहुतेक शस्त्रं परत मागवून त्यांत अडसर बसवला आणि ती मार्क १* केली. तुमच्याकडची रेघ त्याचीच खूण आहे : दुसरा तारा रद्द. म्हणजे ख जन्माने मार्क १** आणि आज मार्क १*.

एक गोष्ट लक्षात घ्या, बाहेरून बघून १* आणि १** यांत फरक करता येत नाही. छाप सांगेल तेवढंच. आत अडसर खरंच आहे का हे झाकणपट्टी काढल्याशिवाय कळणार नाही आणि ते काम परवानाधारक शस्त्रकारागिराचं आहे. संग्रहालयात स्क्रूड्रायव्हर लावू नये. चुकीच्या रुंदीच्या पात्याने स्क्रूच्या खाचा फाटतात आणि शस्त्र 'उघडलेलं' म्हणून कायमचं डागाळतं.

असाच अपघात अमेरिकेतही घडला होता. ब्रिटनने युद्धात स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी मॉडेलही .३८/२०० मध्ये (.३८ बोअर, २०० ग्रेनची गोळी) मोठ्या संख्येने घेतलं. ते बिजागरीचं नव्हे, सिलिंडर बाजूला झुलणारं. पडल्यावर बार उडून एक नौसैनिक गेला, तेव्हा घोड्याचा अडसर नव्याने आखला गेला. त्यानंतरच्या क्रमांकांपुढे नुसत्या 'व्ही' ऐवजी 'एसव्ही' दिसतं. शस्त्रावरच्या एका अक्षरामागे किंवा रेघेमागे एवढं मोठं कारण असतं, म्हणून छाप उतरवून घेताना रेघ, ठिपका, काहीच गाळू नका.

---

सहा_घरं

घ, च आणि छ वर लिहितो, कारण यात 'मार्क IV' या नावाचा मोठा सापळा आहे.

वेब्लीने 'मार्क ४' हे नाव दोन पूर्णपणे वेगळ्या शस्त्रांना दिलं. पहिलं .४५५ चं, १८९९ मध्ये लष्कराने स्वीकारलेलं, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाशी नाव जोडलं गेलेलं. दुसरं .३८ चं, ज्यावरून एनफिल्ड निघालं. तुमचं घ दुसरं, छ पहिलं. एकाच नोंदवहीत दोन्हींपुढे फक्त 'मार्क ४' लिहिलं तर पुढचा वाचणारा हमखास चुकणार. बोअर लिहिल्याशिवाय 'मार्क ४' लिहूच नये.

.४५५ ची मालिका थोडक्यात : मार्क १ हे १८८७ चं. मार्क २, ३ आणि ४ हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आले. मार्क ५ हे १९१३ चं, कॉर्डाइट या धूररहित दारूसाठी सिलिंडर थोडं जाड केलेलं. मार्क ६ मे १९१५ चं. मार्क १ ते ५ ची मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल, मार्क ६ ची चौकोनी. ही खूण दहा फुटांवरूनही ओळखू येते. मार्क ६ ची नळी सहा इंची, एकूण लांबी ११¼ इंच म्हणजे २८६ मिमी, वजन सुमारे १.१ किलो. तुलनेला एनफिल्ड नंबर २ ची नळी पाच इंच, लांबी १०¼ इंच म्हणजे २६० मिमी, वजन सुमारे ७६५ ग्रॅम.

च वर 'एनफिल्ड' आहे म्हणून ते नंबर २ होत नाही. १९२१ ते १९२६ या काळात एनफिल्ड कारखान्यात .४५५ चं मार्क ६ बनत होतं. १९२४ चं साल, सहा इंची नळी आणि जास्त वजन हे सगळं त्याच्याशी जुळतं. मूठ चौकोनी आहे ना, एवढं बघून घ्या.

च आणि छ दोन्हींच्या सिलिंडरची मागची बाजू जरूर पाहा. युद्धानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक .४५५ रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर मागून तासून घेतलं गेलं, कारण .४५ एसीपी हे बिनकडेचं काडतूस अर्धचंद्राच्या पत्र्यात अडकवून त्यात वापरता यावं. तासताना सिलिंडरवरच्या क्रमांकाचे आकडे अर्धवट कापले जातात, ती खूण. या बदलाचा धोका असा की .४५ एसीपीचा दाब या जुन्या सांगाड्यांना जड जातो. नोंदीत 'सिलिंडर तासलेलं' असा शेरा हवाच.

घ वरचं '१४५/२००' म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये. १४५ ग्रेनची व्यापारी .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) गोळी आणि २०० ग्रेनची लष्करी, दोन्ही चालतील असं सांगणारा छाप तो. 'वॉर फिनिश' म्हणजे युद्धकाळात घासून-पॉलिश करण्यात वेळ घालवला नाही, यंत्राचे ओरखडे तसेच राहू दिले, आणि ते खराब कारागिरीमुळे नाहीत हे वेब्लीने आपल्या नावासाठी लिहून ठेवलं. म्हणून हे ओरखडे बघून कोणी 'गंज काढताना घासलंय' अशी नोंद करू नये, आणि मुख्य म्हणजे ते साफ करायच्या फंदात पडू नये. तो पृष्ठभाग हाच पुरावा आहे.

---

नोंदवही

मंडळी, फार मोठी मदत झाली. च ची मूठ चौकोनी आहे. क ची अक्षरं भिंगाखाली पाहिली, तारा खरंच बाकी अक्षरांपेक्षा खोल आणि किंचित डावीकडे कललेला आहे.

आणखी तीन गोष्टी राहिल्या. ख च्या काही भागांवर बारीक 'एसएसएम' आहे. क वर बाणाचं चिन्ह आणि त्याखाली 'आय' आहे. ग वर दोन बाण टोकाला टोक लावून आहेत, आणि नळीवर '.३८० .७६७' व 'टन' असं काहीतरी. शिवाय एका जुन्या डब्यात काडतुसांच्या काही रिकाम्या पुंगळ्या आहेत, त्या यांच्याच का, हे ठरवायचं आहे.

---

बिजागरी

'एसएसएम' म्हणजे सिंगर सोइंग मशीन कंपनी, शिलाई मशीनवालीच. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात त्यांनी एनफिल्डचे सुटे भाग बनवले. ॲल्बियन ही ग्लासगोची मोटार कंपनी, तिने १९४१ ते १९४३ या काळात पूर्ण रिव्हॉल्व्हर बनवली. तेव्हा ॲल्बियनच्या सांगाड्यात सिंगरचे भाग, ही जोडी अस्सल असू शकते. खात्रीशिवाय 'भाग बदलले' असं लिहू नका.

बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. बाणाखाली 'आय' म्हणजे भारत सरकारची मालकी. तुमच्या क चा प्रवास त्या एका अक्षरात आहे : एनफिल्डला जन्म, नंतर भारतीय सेवेत नोंद. टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सेवेतून काढून विकलं. ग वरचा टनांचा छाप त्याच्याशी जुळतो. बाजारात विकण्याआधी बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात दाबाची परीक्षा व्हायची. .३८० हा बोअर, .७६७ इंच ही पुंगळीची लांबी आणि टनाचा आकडा दर चौरस इंचाला दाब. म्हणजे ग खासगी हातांतून गेलंय हे नक्की, आणि तेलपाणींनी सांगितलेली तपासणी त्याच्यावर आणखी कसोशीने करा.

'एफटीआर' आणि सालाचे दोन आकडे कुठे दिसतात का तेही पाहा. कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाल्याचा तो छाप. क वर असेल तर तारा कधी ठोकला असेल याचा अंदाज बांधता येईल.

---

काडतूसपेटी

पुंगळ्यांचं मोजून ठरवा, व्हर्नियर कॅलिपर पुरेसा आहे. फक्त खरंच रिकाम्या आहेत, बुडाच्या टोपीवर घोड्याचा ठसा आहे, एवढं आधी पाहा. ठसा नसलेली एकही निघाली तर हात न लावता पोलिसांना कळवा.

.३८/२०० ची पुंगळी .३८ एस अँड डब्ल्यूचीच : लांबी १९.७ मिमीच्या आसपास. .३८ स्पेशल तब्बल २९.३ मिमी, आणि व्यासाने किंचित बारीक. नावातला '.३८' सारखा असल्याने गोंधळ होतो, पण स्पेशल लांबीमुळे मूळ एनफिल्डच्या घरात पूर्ण बसत नाही. युद्धानंतर काही .३८/२०० शस्त्रांची घरं कोरून लांब केली गेली, विशेषतः व्हिक्टरी मॉडेलची. अशा घरात स्पेशलची पुंगळी ढिली बसते, बार उडाल्यावर बुडाजवळ फुगते, कधी उभी चिरते. डब्यात फुगलेल्या किंवा चिरलेल्या लांब पुंगळ्या असतील आणि तुमच्यापैकी कशाचीच घरं कोरलेली नसतील, तर त्या तुमच्या सहांपैकी कशातूनही आल्या नसतील.

बुडावर 'के एफ' दिसलं तर तो आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा छाप.

गोळ्यांचेही दोन प्रकार आहेत. मूळ मार्क १ काडतुसात २०० ग्रेनची उघड्या शिशाची गोळी. अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांवर हेग जाहीरनाम्याची बंदी आहे आणि उघडं शिसं त्यात धरलं जाईल ही धास्ती होती. म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण धातूच्या आवरणाची, सुमारे १७८ ग्रेनची मार्क २ गोळी आली. काडतुसाचा मार्क आणि शस्त्राचा मार्क यांचा एकमेकांशी संबंध नाही, दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा.

कागदपत्रांचंही सांगतो, कारण संग्रहालयाला ते टळत नाही. आपल्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३८० आणि .४५५ कडेची काडतुसं बसू शकतील अशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात येतात. तुमची सहाही त्यात आली. सामान्य परवानाधारकाला इथे .३२ च का मिळतं, त्याचं उत्तर हेच. कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क ४ च्याच आराखड्यावरून निघालं : तीच बिजागरी, तीच वरची पकड, फक्त बोअर .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि नळी आखूड. २०१४ चं टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' त्याच कुळातलं. २०२३ चं 'प्रबल' बाजूला झुलणाऱ्या सिलिंडरचं आहे, म्हणजे तिथे ही वंशरेषा सुटते. प्रदर्शनात तुलना मांडायची असेल तर घ शेजारी .३२ चा फोटो लावा. नात्याची ओळख नुसत्या नजरेने पटेल.

---

नोंदवही

मग ख ची नोंद कशी लिहू? एकच मार्क लिहायचा तर १* की १**?

---

बिजागरी

एक लिहूच नका, तीन रकाने करा. घडणीच्या वेळी काय होतं, आज काय आहे आणि छापात नेमकं काय दिसतं. ख साठी :

*घडण* : एनफिल्ड नंबर २ मार्क १**, .३८/२००, ॲल्बियन मोटर्स, ग्लासगो, १९४२. काही भाग सिंगरचे.
*सद्यस्थिती* : छापानुसार मार्क १*. सुरक्षा अडसर आतून तपासलेला नाही.
*छाप* : तारे दोन, दुसऱ्यावर आडवी रेघ. सांगाडा, नळी आणि सिलिंडरवरचे क्रमांक जसेच्या तसे, जुळत नसतील तर तसे.

तिसऱ्या रकान्यात अर्थ लावू नका, दिसतं तेवढंच उतरवा. आपला अर्थ उद्या चुकीचा ठरला तरी छापाची नोंद पुढच्याच्या कामी येईल. ग साठीही हेच, फक्त सद्यस्थितीत 'घोडा मूळचा असल्याची खात्री बाकी' असं लिहा आणि मुलाम्याचे आडव्या प्रकाशातले फोटो टाका, बघून सांगतो.